नाकतोड्याचं देवक

माझ्या लेकीला नाकतोडे बाधले, एवढीच मूळ गोष्ट. दुसऱ्या कुठल्या मुलखात असं झालं असतं तर दवाखान्यात नेलं असतं, सुई टोचली असती, पथ्य सांगितलं असतं आणि विषय संपला असता. पण आम्ही मसाका गावचे. आमच्याकडे नाकतोडे हा नुसता खाऊ नाही, ते एका कुळाचं देवक आहे. आणि ज्यानं आपलं देवक खाल्लं त्याच्या अंगावर गांधी उठतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कुळ येतं बापाकडून. माझा नवरा मुबिरू मांबा कुळातला. मांबा म्हणजे चिखलात राहणारा लांबडा मासा. तो त्यांच्या घरात शिजत नाही, जेवताना कुणी त्याचं नावही काढत नाही. मुलगी झाली तेव्हा तिला त्याच कुळातलं नाव दिलं, नांक्या. नाकतोड्यांचं कुळ निराळं. त्या कुळातला एकच माणूस आमच्या रोजच्या ओळखीचा होता, वायरमन कालिबाला. त्याचं नाव घ्यायला मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही, मग मलाच का वाटावी?

मुबिरूचा धंदा नाकतोडे धरण्याचा. नोव्हेंबर आला की टेकडीवर उंच पत्रे उभे करायचे, त्यांच्या पायथ्याशी पिंपं मांडायची आणि वर डोळे दिपवणारे दिवे लावायचे. किडे दिव्याला भुलून येतात, पत्र्यावर आपटतात आणि घसरून पिंपात पडतात. सकाळी पोती भरून घरी. दिव्यांच्या तारा जोडायला कालिबाला यायचा. हसतमुख माणूस. आमच्या अंगणात चहा प्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, माझ्या भाऊबंदांना कढईत घालायला लागलात की सांगा, मी फाटकाबाहेर जाऊन बसतो." सगळे हसायचे. मुबिरू सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, आणि हसता हसता त्याला धाप लागायची, कारण त्याला दमा होता.

त्या शनिवारी सकाळी आम्ही बायका अंगणात बसून पंख आणि पाय खुडत होतो. चुलीपाशी माझी नणंद पेरेपेत्वा होती. पहिला घाणा तिनंच परतला, कांदा आणि मीठ घालून. वास सुटला तशी नांक्या धावत आली आणि मूठभर उचलून तोंडात टाकून गेली. आदल्या हंगामात ती म्हणाली होती, जीभ चुरचुरते. कांदा तिखट असेल, असं आम्ही सगळ्याच म्हणालो होतो. या खेपेला मात्र ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मान खाजवायला लागली. मी हाक मारली तेव्हा वळली, आणि तिचे ओठ माझ्या लेकीचे राहिले नव्हते. डोळे मिटले होते. मानेवर, हातांवर, पोटावर गांधीच गांधी, एकीत दुसरी मिसळलेली. आणि छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज.

मुबिरूनं तिला उचललं आणि रस्त्यावर धावत जाऊन भाड्याची मोटरसायकल थांबवली. मी मागच्या मोटरसायकलवर. सरकारी दवाखान्यात सुई टोचली, वाफ दिली. दुपारपर्यंत सूज उतरली आणि तिनं केळं मागितलं. तेव्हा मुबिरू भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं तो जसा वागला त्यावरून कुणाला वाटेल की त्याला लेकीची माया नव्हती. माया होती. नुसत्या मायेनं काही होत नाही.

घरी आलो तर बायका अजून खुडतच होत्या.

"उतरली का सूज?" पेरेपेत्वानं विचारलं.

"उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ॲलर्जी आहे."

"ॲलर्जी!" तिनं मांडीवरचे पंख झटकले. "आमच्या कुळात कुणाला गं आजवर नाकतोडे बाधलेत? माझे आजोबा पाटीभर खायचे आणि वर ढेकर द्यायचे."

"आजोबांना नसेल बाधत. हिला बाधले."

"बाधतात ते त्यांच्याच माणसांना." ती बाकीच्या बायकांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "कालिबालाला विचारायला हवं बाई. तो लहानपणी चुकून खाऊन असाच भोपळ्यासारखा फुगला होता म्हणे."

बायका खिदळल्या. तेव्हा ती चेष्टाच होती, नणंदेनं भावजयीची करावी तशी. मीही हसले असते, पण अंगात त्राण नव्हतं. त्याच संध्याकाळी ती चेष्टा नळावर पोचली, दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर, आणि चर्चच्या पायरीवरून खाली उतरली तेव्हा ती चेष्टा राहिली नव्हती. कालिबाला नांक्यासाठी खाऊच्या गोळ्या का आणायचा? मुबिरू टेकडीवर असताना तो अंगणात चहा का प्यायचा? दिव्याची तार काय रोज तुटते? अहो, वायरमन होता तो. तारा तुटतात म्हणून तर त्याला बोलवायचे, आणि बोलवायचा मुबिरूच!

मुबिरूनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, भांडी आपटली असती आणि मोकळी झाले असते. तो नुसता बघायचा. नांक्या गृहपाठ करत बसली की तिच्या कानांकडे बघायचा, बोटांकडे बघायचा. मग उठून बाहेर जायचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी पाठ केलं होतं. नाकतोडे नाहीत. नाकतोडे तळलेल्या तेलातलं काही नाही. बाजारात त्याच तव्यावर चपाती भाजतात, ती नाही. सुकी कोळंबी नको, घरात झुरळं नकोत, तीही तशीच बाधू शकतात. खाज सुटली तर गोळी द्यायची. पण ओठ सुजले, श्वास घरघरला, तर गोळीची वाट बघत बसायचं नाही, उचलून पळायचं. "आणि एक लक्षात ठेवा, पुढची खेप पहिल्या खेपेपेक्षा वाईट असू शकते," त्या म्हणाल्या होत्या. "घसा पुरता बंद होऊ शकतो."

हे पाळायचं आणि राहायचं कुठं, तर नाकतोडे धरणाऱ्याच्या घरात! मी तिची भांडी वेगळी केली. अंगणातले पंख सकाळ-संध्याकाळ झाडायची, तरी ते वाऱ्यानं घरात यायचेच आणि ती शिंकत सुटायची. मुबिरू टेकडीवरून यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत किड्यांच्या भुशानं माखलेला. नांक्या त्याच्याकडे धावली की मी आतून ओरडायची, "आधी आंघोळ! हात लावू नका तिला!"

एकदा तो तसाच दारात उभा राहिला. म्हणाला, "माझ्या पोरीला मी हात लावायचा नाही?"

"आंघोळ करून लावा की. मी कुठं नको म्हणते?"

"कालिबालाला कधी आंघोळ कर म्हणाली नाहीस."

"कालिबाला किड्यांना शिवतो तरी का, नांक्याचे बाबा?"

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि आंघोळ न करताच मागच्या पावली गेला. मी लेकीचा जीव जपत होते, आणि त्याला दिसत होतं की मी तिला त्याच्यापासून तोडते आहे.

मग मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई अकेलो स्वभावानं शांत. त्यांनी त्याला समोर बसवून समजावलं. देवक, कुळ, कुणाचा शाप, यातलं काही नाही. शरीर एखाद्या वस्तूला शत्रू समजून बसतं आणि तिच्यावर तुटून पडतं. कुणाचं शरीर शेंगदाण्यावर तुटून पडतं, कुणाचं दुधावर, कुणाचं धुळीवर. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला दमा आहे का? सारखी सर्दी, शिंका?"

"यांनाच आहे," मी म्हणाले. "आणि सासूबाई दम्यानंच गेल्या."

"मग बघा. ही धाटणी घराण्यात चालते. खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, पण मुलीत आली ती तुमच्याकडूनच आली असेल."

मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. ज्या सुजेवरून माझ्यावर आळ आला तीच सूज तिला बापाकडून मिळालेली! नाक माझं, रंग माझा, हट्ट माझा. बापाचं म्हणून तिच्या अंगात जे दिसत होतं ते हेच. मी मुबिरूकडे बघितलं. तो टोपी फिरवत बसला होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई चांगली आहे. पण उत्तरेकडची आहे. आपल्या कुळांचं तिला काय कळतं?"

मी म्हटलं, ठीक आहे, कंपालात रक्ताची तपासणी करतात, बाप कोण ते सांगणारी. माझं शिवणयंत्र विकते, चला. तर म्हणाला, "रक्त तपासायला गेलो हे कळलं तर लोक काय म्हणतील?" लोक आज काय म्हणत होते ते त्याला चालत होतं!

शाळेतही तेच. मी बाईंना जाऊन सांगितलं, हिला नाकतोडे देऊ नका, ॲलर्जी आहे. "देवक आहे का तुमचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, देवक नाही, ॲलर्जी. "अहो, मग एखाददुसऱ्यानं काय होतंय? चाखायला दिलं म्हणजे सवय होते." आणि खरंच, वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाला वाटले तेव्हा तिच्या हातावर एक ठेवला. पोरीनं तो फेकून दिला, पण तेच बोट डोळ्याला लावलं, आणि डोळा सुजून बंद झाला. मी शाळेत भांडायला गेले तर बाई म्हणाल्या, "देवक आहे असं सांगितलं असतंत तर मी जवळ तरी येऊ दिलं असतं का?" मी तिथंच बाकावर बसले. देवक आहे म्हटलं की जग वाट सोडतं. डॉक्टरनं नको म्हटलंय म्हणावं, तर जो तो आग्रह करायला पुढं. पण ते एक वाक्य मी उच्चारू शकत नव्हते. ते उच्चारलं की मी छिनाल ठरणार होते.

वर्षातला दुसरा, एप्रिलचा हंगाम तोंडावर आला आणि पेरेपेत्वानं गोष्ट कुळाच्या वडीलधाऱ्यांपर्यंत नेली. कालिबाला तोवर गाव सोडून एंटेबेला कामाला गेला होता. जाण्याआधी फाटकाबाहेरूनच म्हणाला, "वहिनी, मी येऊन सगळ्यांसमोर शपथ घेऊ का?"

"तू आलास तर त्यांची खात्रीच पटेल," मी म्हणाले. तो मान खाली घालून गेला.

बैठक मुबिरूच्या गावी, जज्जा अनातोलींच्या अंगणात भरली. जज्जा म्हणजे कुळाच्या त्या शाखेचे आजोबा. माणूस न्यायी, हे मी आजही म्हणेन. फणसाखाली खुर्चीत ते बसले होते, बाजूला बाकांवर पुरुष, आणि चटईवर आम्ही बायका गुडघे टेकून. नांक्याला मी तिचा चांगला फ्रॉक घातला होता. तिला एवढंच माहीत होतं की आजोबांकडे जायचंय आणि बाबा येणार आहेत. बाबा आले, पण पुरुषांत जाऊन बसले.

"सूनबाई," जज्जा म्हणाले, "तुझं म्हणणं काय ते आधी ऐकू."

मी सगळं सांगितलं. ॲलर्जी म्हणजे काय, ती कशी होते, दम्याशी तिचं काय नातं, सासूबाई कशा गेल्या. एक म्हातारा मध्येच म्हणाला, "म्हणजे आमचं कुळच रोगट, असं का?" पेरेपेत्वा म्हणाली, "बघा! स्वतःचं झाकायला आमच्या आईला मधे आणते. गेलेल्या माणसाला!"

"मी नावं ठेवत नाही, ताई. मी म्हणते की ही त्यांचीच नात आहे."

"नात असती तर तिनं त्यांच्यासारखे पचवले असते."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "बरं. देवक खाल्लं की अंग सुजतं, हेच ना तुमचं म्हणणं? मग हिला मांबा मासा खाऊ घाला! सुजली तर तुमची, नाही सुजली तर माझी. आहे कबूल?"

 एक बाई कानांवर हात ठेवून बसली. मला वाटलं, जिंकले. आता यांना बोलायला जागा नाही.

जज्जा रागावले नाहीत. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "पोरीला तिचंच देवक खाऊ घालायचं हे पाप आहे, सूनबाई. ते या अंगणात होणार नाही. पण तुझ्या बोलण्यात मुद्दा आहे. एका वेळच्या सुजेवरून लेकरू टाकून देणं मलाही पटत नाही. कढई घाण असेल, किडे शिळे असतील. नाकतोडा काही आमचं देवक नाही, तो खाण्यात आम्हाला पाप नाही. आज ताजे आलेत. तिला इथं सगळ्यांसमोर खाऊ दे. काही झालं नाही तर ती आमची, आणि पुन्हा जो कुणी तोंड उघडेल त्याची गाठ माझ्याशी."

पुरुषांनी माना डोलावल्या. मुबिरूचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला तसं बघत होते. पेरेपेत्वा उठून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

"जज्जा, नको," मी म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पुढच्या खेपेला घसा बंद होईल. इथून दवाखाना किती लांब, रस्त्यावर चिखल किती!"

"तुझी खात्री आहे ना ती आमची असल्याची?"

"आहे."

"मग भितेस कशाला?"

"कारण ते देवक नाही हो! ती तुमची असूनच मरेल!"

"असं अभद्र बोलू नये," जज्जा मायेनंच म्हणाले. "आम्ही सगळे आहोत ना इथं."

मी मुबिरूकडे बघितलं. म्हटलं, "नांक्याचे बाबा, तुम्ही बघितलंय तिला तेव्हा. तुम्ही नेलंत तिला. तुम्ही बोला."

 तो माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाला, "नांक्या, इकडे ये बाळा."

नोव्हेंबरपासून त्यानं तिला बाळा म्हटलं नव्हतं. ती अशी धावली! जाऊन त्याच्या गुडघ्यांना बिलगली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "एकच घास खायचा. आई घाबरट आहे. खाल्लंस की आपण टेकडीवर दिवे बघायला जाऊ, तू आणि मी."

पेरेपेत्वा ताटली घेऊन आली. कांद्यात परतलेले, चकचकीत, अजून चुरचुरणारे. तो वास माझ्या डोक्यात गेला. मला तिचे ते ओठ दिसले, ती शीळ ऐकू आली. नांक्यानं ताटलीकडे बघितलं, मग बापाकडे. तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांची पोर, शाळेत तो एक किडा तिनं फेकून दिला होता. पण बापाकडे बघून तिनं हात पुढं केला. कुणी बळजबरी केली नाही. तिचा तिनंच केला.

मी आडवी पडले असते तर बायकांनी मला धरलं असतं. ताटली उडवली असती तर दुसरी आली असती. पोरीला घेऊन पळाले असते तर पुढं कुठल्या तरी दिवशी, मी शिवणाला बसले असताना, बापानं लाडानं बोलावून एकच घास दिला असता. इतके महिने मी खरं सांगत होते, ते एकाच्याही कानात शिरलं नव्हतं. त्या अंगणात एकच गोष्ट अशी होती जी ऐकताच सगळे थांबले असते.

"थांबा," मी म्हणाले. "देऊ नका तिला. ती तुमची नाही. ती कालिबालाची आहे."

आणि काय सांगू, माझं वाक्य संपायच्या आत पेरेपेत्वानं ताटली मागे ओढली. जिच्यापुढं मी हात जोडले होते, जिला माझं एक अक्षर पटलं नव्हतं, तीच लगबगीनं म्हणाली, "अगं बाई, पोरीचे हात धुवा आधी! बोटाला लागलं नसेल ना काही?" एक बाई पाणी घेऊन धावली. दुसरीनं कढई उचलून घरामागे नेली. एवढी काळजी! लेकराला त्याचं देवक कुणी खाऊ घालतं का? ती काही वाईट माणसं नव्हती.

जज्जा अनातोलींनी डोळे मिटून घेतले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मुबिरूनं गुडघ्यावरून नांक्याचे हात सोडवले, हळूच, दुसऱ्याचं मूल आपल्याला चिकटलं की सोडवतात तसे. मला वाटलं होतं की निदान तो तरी म्हणेल, खोटं बोलतेस तू रेस्टी. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते, आणि त्यानं मला ओळखायला हवं होतं. तो म्हणाला, "आधीच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." त्याचा आवाज मोकळा झाला होता. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि तो मी उतरवला होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि येणार नाही.

त्या बिचाऱ्या कालिबालाच्या कपाळावर मी काय लिहून ठेवलं, ते वेगळंच. तो एंटेबेत कुठंतरी खांबावर चढून तारा जोडत असेल, आणि इथं त्याला एक मुलगी झाली होती.

निघताना कुणी आम्हाला वाईट बोललं नाही. पेरेपेत्वानं वाटेसाठी भाजलेले मके बांधून दिले. स्वच्छ निखाऱ्यावर भाजलेत, कढईला लागलेले नाहीत, हेही सांगितलं. मी घेतले. पोरीला भूक लागली होती.

टपरीपाशी भाड्याची गाडी मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघीच बसलो. चिखलातून गाडी हेलकावत चालली होती. नांक्या मका हातात धरून बसली होती, खात नव्हती. मुख्य रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "आई, मी खाल्लं असतं आणि मला काही झालं नसतं, तर बाबांनी मला ठेवलं असतं?"

तिला खरं सांगायला माझे ओठ शिवशिवत होते. तो तुझाच बाप आहे गं, तुझी सूजसुद्धा त्याचीच आहे, आणि मी जे बोलले ते सगळं खोटं. पण मी माझ्या लेकीला ओळखते. हो म्हटलं असतं तर नोव्हेंबरात ती कुठूनतरी मूठभर मिळवून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती आणि त्याच्या डोळ्यांसमोर तिनं ते खाल्ले असते. जोवर तिला त्या माणसाची आस आहे तोवर तिच्या जिवाला धोका आहे, आणि ती आस गोळीनं जात नाही.

"नाही," मी म्हणाले. "तो तुझा बाप नाही. ऐकलंस ना सगळ्यांसमोर? खाल्लं असतंस तरी त्यानं तुला ठेवलं नसतं."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. रडली नाही. मका माझ्या मांडीवर ठेवला, खिडकीकडे सरकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मसाका येईपर्यंत ती वळली नाही. मी तिच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. श्वास साफ होता.